‘आमच्याकडे चाललं’ म्हणजे नेमकं काय? उभी गाडी, उंदीर आणि संशोधनाचे काही धडे

जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, उंदरांवर त्याच्याकडे एक तरी रामबाण उपाय असतोच. कुणी बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतं, कुणी डांबराच्या गोळ्या, कुणी फिनेल शिंपडतं, कुणी पेपरमिंटचं तेल, तर कुणी ऑनलाइन मागवलेलं अल्ट्रासाउंडचं यंत्र लावतं. आणि प्रत्येकाचं वाक्य एकच असतं: ‘आमच्याकडे चाललं बुवा.’

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर या वाक्यापाशी जरा थांबा. चाललं म्हणजे काय झालं? कशाच्या तुलनेत? किती दिवस? कोणत्या उंदरावर? हे चार प्रश्न नीट विचारता आले, की संशोधन पद्धतीच्या पेपरातला निम्मा भाग समजला म्हणून समजा. आज आपण हा साधा, घरगुती प्रश्न संशोधकाच्या नजरेनं सोडवून बघू. शेवटी गाडीसाठी खरोखर काय करायचं, तेही सांगते. कारण प्रश्न नुसता गमतीचा नाही. कुरतडलेल्या वायरीमुळे गाडी पेटू शकते आणि उंदराच्या मुतामुळे माणूस आजारी पडू शकतो.

गाडी उभी का असते?

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतूनही निवृत्त झाली. आता जी पद्मिनी उरली आहे ती बहुतेक हौशी लोकांच्या शेडमध्ये. पावसात पत्रा गंजतो म्हणून जून ते सप्टेंबर ती बाहेर निघत नाही. त्यात २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे जी गाडी सगळ्यात मौल्यवान, तीच सगळ्यात जास्त वेळ एका जागी उभी.

आता चार महिन्यांचा हिशोब करा. घरातल्या लहान उंदराचा गर्भकाळ साधारण १९ ते २१ दिवसांचा. एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात आणि ती पिल्लं सहा ते आठ आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. जूनमध्ये एक गाभण मादी आत शिरली, तर गणपतीपर्यंत तिची नातवंडं सीटखाली असू शकतात. म्हणून ‘एखादा उंदीर आला तर काय बिघडतं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

पहिली पायरी: प्राणी कोणता?

आपण सगळ्यांना सरसकट ‘उंदीर’ म्हणतो. संशोधनात हे चालत नाही. महाराष्ट्रातल्या शेडमध्ये साधारणपणे तुम्हाला हे पाहुणे भेटतील.

एक, घरातला लहान उंदीर. वजन १५-२० ग्रॅमच्या आसपास, लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान. साधारण सहा मिलीमीटरच्या फटीतून तो आत जाऊ शकतो. तुमची पेन्सिल साधारण सात मिलीमीटर जाड असते, म्हणजे पेन्सिल जाते तिथून हा जातो.

दोन, काळा उंदीर, म्हणजे माळ्यावर, कौलांवर, वाशांवर धावणारा. चढण्यात पटाईत. याला साधारण बारा मिलीमीटरची फट लागते.

तीन, घूस. हिचं काम बिळं खणणं. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ यावरून आला, हे परीक्षेत विचारत नाहीत, पण लक्षात ठेवायला मजेदार आहे. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की घूस कोरडी जागा शोधते.

चार, खार. हीसुद्धा कृंतकच, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली. एअर फिल्टरच्या नळीत काथ्या-कापूस भरून घरटं करणारी बऱ्याचदा हीच असते. आणि ती दिवसा हिंडते. म्हणजे रात्रीच पाळत ठेवली, तर ती तुमच्या नोंदीत येणारच नाही.

आणि पाचवी चिचुंद्री. ती कृंतक नाहीच. ती कीटक खाते, तिचे दात वेगळे, तिचा गणच वेगळा. शेडमध्ये चिचुंद्री दिसली आणि तुम्ही वायरिंगच्या नुकसानीचं खापर तिच्यावर फोडलं, तर तुमचं निरीक्षण खरं आणि निष्कर्ष चुकीचा.

प्रस्ताव लिहिताना आपण ‘विद्यार्थी’, ‘शेतकरी’, ‘वापरकर्ते’ असे शब्द बिनधास्त लिहून मोकळे होतो. तुमच्या विषयातही त्या एका शब्दाखाली उंदीर, घूस आणि चिचुंद्री एकत्र कोंबलेली नाहीत ना, ते आधी तपासा.

दुसरी पायरी: ते का येतात?

सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर असं: ‘उंदराचे दात सतत वाढतात, ते झिजवायला तो वायरी कुरतडतो.’ अर्धं खरं आहे. उंदराचे पुढचे दात खरंच आयुष्यभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन-तीन मिलीमीटर. दातांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल आणि मागे मऊ डेंटिन, त्यामुळे ते झिजताना आपोआप धार धरतात. पण उंदीर वरचे-खालचे दात एकमेकांवर घासूनही झिजवतो. त्याला त्यासाठी तुमच्या गाडीचीच वायर लागते असं नाही. मग वायर का? वाट मोकळी करायला, नवी वस्तू दातानं चाचपायला, घरट्यासाठी सामान काढायला. जुन्या गाडीच्या सीटमधला काथ्या, कापूस, छताचं कापड, दारातलं फेल्ट हे सगळं घरट्याचं तयार सामानच आहे.

इथे एक प्रसिद्ध गृहीतक बघा. अमेरिकेत काही गाडीमालकांनी कंपन्यांवर खटले भरले. त्यांचं म्हणणं असं, की नव्या गाड्यांच्या वायरींचं आवरण सोयाबीनपासून बनवतात, त्याच्या वासानं उंदीर येतात. ऐकायला अगदी पटतं. पण या गृहीतकाला एक साधा प्रश्न विचारा: मग १९७० च्या गाडीच्या वायरी उंदीर का खातो? तिथे सोयाबीन नाही, तरी नुकसान तसंच. म्हणजे सोया हे आवश्यक कारण नक्कीच नाही. सोयामुळे प्रमाण वाढतं का, हा वेगळा प्रश्न झाला, आणि तो सोडवायला दोन्ही प्रकारच्या वायरी एकाच शेडमध्ये, एकाच काळात शेजारी ठेवून मोजावं लागेल. नुसत्या ‘माझ्या नव्या गाडीत असं झालं’ या अनुभवांचा ढीग कितीही उंच झाला, तरी तुलना नसेल तर तो ढीगच राहतो.

‘चाललं’ या शब्दातली गोम

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा तुम्ही बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवली. आठ दिवस उंदीर आला नाही. चाललं?

विसाव्या शतकाच्या मध्यावर एस. ए. बार्नेट या ब्रिटिश संशोधकानं रानटी उंदरांच्या वागण्याचा बराच अभ्यास केला. त्यातली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओळखीच्या जागेत अचानक नवीन वस्तू आली, की मोठे उंदीर ती काही दिवस टाळतात. वस्तू कोणतीही असो. विषारी असो की निरुपद्रवी. याला नवभय म्हणू.

याचा अर्थ लक्षात आला का? तंबाखू ठेवा, डांबराच्या गोळ्या ठेवा, नाहीतर रिकामा चहाचा कप ठेवा. पहिले काही दिवस उंदीर त्याला टाळण्याची शक्यता आहेच. म्हणजे पहिल्या आठवड्यात जवळजवळ *प्रत्येक* उपाय ‘चालतो’. मग उंदराला सवय होते. तोवर मालकानं मित्रांना सांगून टाकलेलं असतं. आणि पुन्हा नुकसान झालं, की तो म्हणतो, ‘पानांचा वास उडाला असेल.’ उपाय फसला असं कुणी म्हणतच नाही.

गंमत म्हणजे घरातल्या लहान उंदरात हे नवभय फारसं नसतं. उलट तो चौकस असतो, नवी वस्तू दिसली की जाऊन बघतो. म्हणजे तोच उपाय एका शेडमध्ये आठवडाभर ‘चालेल’ आणि शेजारच्या शेडमध्ये पहिल्याच रात्री ‘फसेल’. फरक उपायात नाही, प्राण्यात आहे. म्हणूनच वर प्राणी ओळखण्यात इतका वेळ घालवला.

मग करायचं काय? तुलनेसाठी एक ‘नकली उपाय’ ठेवायचा. एका खोक्यात तंबाखूची पानं, दुसऱ्या तशाच खोक्यात कोणतीही साधी वाळलेली पानं. दोन्ही सारखीच नवीन. फरक फक्त तंबाखूचा. औषधाच्या चाचण्यांत साखरेची गोळी देतात, त्यामागचा विचार हाच. आणि निरीक्षण आठ दिवस नाही, निदान सहा-आठ आठवडे.

अल्ट्रासाउंडच्या यंत्रांबाबत थोडं जास्त माहीत आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, उंदरांना ८० ते ९० पर्यंत. म्हणजे यंत्राचा आवाज त्यांना ऐकू येतो, हे खरं. पण उंदीर स्वतःच त्या पट्ट्यात एकमेकांशी बोलतात, त्यामुळे तो आवाज मुळातच भीतीदायक असेल असं नाही. दुसरं, इतक्या उच्च वारंवारितेचा आवाज हवेत लवकर विरतो आणि इंजिन, पत्रा, सीट यांच्या आड जात नाही. तिसरं, सवय होते. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवून सांगितलं, की असे दावे करायचे असतील तर शास्त्रीय पुरावा हवा.

मिरचीची गोष्ट वेगळी. तिखटातलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला चिकटतं. तो ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. पक्ष्यांमध्ये हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो. उंदीर सस्तन, त्यामुळे त्याला झोंबतं. कॅप्सेसिन लावलेली टेपही वायरींवर गुंडाळायला मिळते. इथे निदान कारण आणि परिणाम यांच्यात समजणारी साखळी आहे. पण साखळी समजली म्हणजे परिणाम सिद्ध झाला असं नाही. टेप गुंडाळलेली वायर वाचेल, शेजारची उघडी वायर कोण वाचवणार?

मुंबईतले पिंजरे

तुलना म्हणजे काय, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण परदेशातलं नाही, मुंबईतलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तो उंदरावरून माणसात कसा येतो यावर बरेच वाद होते. पिसवांचा संशय १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीतल्या प्रयोगांवरून मांडला होता, पण अनेकांना तो पटला नव्हता. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला.

त्यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे उघडे, काहींना पिसू शिरणार नाही इतकी बारीक जाळी. काही जमिनीलगत, काही दोन फूट उंच टांगलेले, म्हणजे पिसवांची उडी पोचणार नाही असे. घर तेच, हवा तीच, प्राणी तसेच. उघडे आणि जमिनीलगतचे प्राणी आजारी पडले, जाळीतले आणि उंचावरचे वाचले. हवेतून रोग येत असता तर जाळीनं तो थांबला नसता. एकच गोष्ट बदलली, बाकी सारं तसंच ठेवलं, आणि उत्तर मिळालं.

आपल्या गाडीच्या प्रश्नालाही हाच नमुना लागू पडतो. आणि त्या प्रयोगातून अजून एक गोष्ट दिसते: जाळी आणि उंची. वास नाही, आवाज नाही, साधा अडथळा.

मारून प्रश्न सुटतो का?

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची संख्या वस्तीनिहाय मोजली. नुसतं मारलं तर संख्या एकदम घटते, पण काही महिन्यांत परत पूर्वीच्या पातळीवर येते. कारण अन्न आणि आसरा तेवढाच राहतो आणि जगलेल्यांना तो जास्त वाट्याला येतो. कचरा आणि लपायच्या जागा कमी केल्या, तिथे मात्र संख्या कमीच राहिली. संख्या ठरवतं ते वातावरण, हा त्या कामाचा गाभा.

मांजर पाळली तर? न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेऱ्यानं चित्रण केलं. तिथल्या भटक्या मांजरांनी मारलेले उंदीर किती? दोन. पण मांजर असली की उंदीर बाहेर कमी *दिसायचे*. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मोजमापाचा धडा म्हणून वाचा. तुम्ही ‘दिसलेले उंदीर’ मोजलेत, तर मांजर यशस्वी. प्रत्यक्षात उंदीर लपून बसले, आणि लपायला तुमच्या गाडीसारखी जागा नाही.

मग गाडीसाठी काय करायचं?

वरच्या सगळ्यावरून क्रम असा निघतो: आधी आकर्षण काढा, मग वाट बंद करा, मग पाळत ठेवा, आणि गरज पडली तरच मारा.

*१. आकर्षण.* गाडीतून बिस्किटाचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं, फडकी, टिश्यू सगळं काढा. सीट व्हॅक्यूम करा. त्याच शेडमध्ये धान्याची पोती, पेंड, कुत्र्याचं खाणं, पक्ष्यांचे दाणे असतील, तर आधी ते हलवा किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. गाडीला लागून लाकडं, रद्दी, टायर यांचा ढीग नको. उंदीर मोकळ्या जागेतून जायला कचरतो, भिंतीच्या कडेनं, आडोशानं जातो. गाडीभोवती दोन-तीन फूट स्वच्छ मोकळी फरशी ठेवा.

*२. शेडच्या फटी.* बाहेरून सुरुवात करा. दाराखालची फट, पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक, पत्रा आणि भिंत यांच्यातली जागा. सहा मिलीमीटरपेक्षा मोठी एकही फट नको. सिमेंट, पत्र्याची पट्टी किंवा सहा मिलीमीटरपेक्षा बारीक डोळ्यांची लोखंडी जाळी वापरा. नुसता फोम किंवा थर्माकोल भरू नका, उंदराला तो घरट्याचं सामान वाटतो.

*३. गाडीच्या फटी.* ब्रेक-क्लचच्या पेडलचे दांडे आणि वायरींचा जुडगा इंजिनकडून केबिनमध्ये येतो, तिथले रबरी ग्रोमेट तपासा. जुन्या गाडीत ते कडक होऊन फुटलेले असतात. काचेखालचं हवेचं तोंड, एअर फिल्टरची नळी आणि सायलेन्सरचं टोक यांना जाळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घासणीचा बोळा लावा. साधी लोखंडी घासणी दमट हवेत गंजते आणि पत्र्यावर डाग पाडते. जिथे जिथे बोळा लावला, त्याची यादी लिहून स्टिअरिंगला लाल फीत बांधून अडकवा. बोळा न काढता गाडी सुरू करणं महागात पडतं.

*४. भोवतीचा अडथळा.* जहाजाच्या दोरखंडांवर लावलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या पाहिल्या असतील. उंच पायांवर उभ्या केलेल्या धान्याच्या कोठ्यांनाही पायांवर उलटे पत्र्याचे शंकू लावतात. तत्त्व एकच: खडबडीत भिंतीवर उंदीर चढतो, गुळगुळीत पत्र्यावर त्याची नखं टिकत नाहीत. फटी बुजवणं शक्य नसेल, उदाहरणार्थ उघडी शेड असेल, तर गाडीभोवती साधारण तीन फूट उंच गुळगुळीत पत्र्याचं कुंपण करा. सांधे घट्ट, खाली फट नाही. आणि वरून लटकणारी दोरी, कुंपणावर पडलेलं गाडीचं कव्हर, टेकवलेली काठी असं काहीही नको, नाहीतर तुम्हीच त्याला शिडी दिली.

*५. बॅटरी.* निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. जुन्या गाड्यांत काही सर्किट्सना फ्यूज नसतो. वायरीचं आवरण गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर आग लागायला तेवढं पुरतं. महिन्यांनी गाडी काढताना बॅटरी जोडण्याआधी वायरी, पेट्रोलचे रबरी पाइप आणि ब्रेकचे होज डोळ्यांनी तपासा.

*६. विष टाळा.* रक्त पातळ करणाऱ्या विषानं उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस हिंडतो आणि मग दाराच्या पत्र्याआड किंवा डॅशबोर्डमागे मरतो. तो वास काढायला गाडी खोलावी लागते. तो उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला, तर विष पुढे जातं. चाप किंवा पिंजरा लावायचा तर भिंतीलगत लावा, आणि मोठ्या उंदरांसाठी पहिले काही दिवस चाप न ताणता नुसतं खाणं ठेवा. कारण? नवभय. वर वाचलंत तेच.

*७. डांबराच्या गोळ्या.* त्यातलं नॅफ्थॅलीन बंद केबिनमध्ये साठतं आणि सीटच्या कापडात महिनोन् महिने राहतं. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं त्याला ‘संभाव्य कर्ककारक’ गटात ठेवलंय, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्यामुळे फुटू शकतात. उंदीर जाईल का याची खात्री नाही, त्रास मात्र तुमचा.

पाळत: मोजायचं कसं?

इथे तुमचं खरं काम सुरू होतं. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे रांगोळी. पीठ नको, ते उंदीर खातो. बारीक रांगोळीचा किंवा टाल्कम पावडरचा पातळ थर फूटभर पुठ्ठ्यावर पसरा, चारही चाकांजवळ आणि केबिनमध्ये एकेक ठेवा. सकाळी पावलांचे ठसे आहेत की नाहीत, एवढंच लिहा. शेंगदाण्याचा कूट लावला तर ठसे जास्त मिळतील, पण मग तुम्हीच उंदराला आमंत्रण दिलं. मोजमापच घटना बदलतं, हा प्रश्न मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही येतो.

आता समजा ३० रात्री एकही ठसा नाही. उंदीर नाही असं म्हणता येईल? संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे, ‘तीनचा नियम’. *न* वेळा बघून एकदाही घटना दिसली नाही, तर तिच्या शक्यतेची ९५ टक्के विश्वासपातळीवरची वरची मर्यादा साधारण ३ भागिले *न*. इथे ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्के. म्हणजे दर दहा रात्रींतून एकदा उंदीर येत असला, तरी तुमची शून्याची नोंद त्याच्याशी विसंगत नाही. आणि हे रात्री एकमेकांपासून स्वतंत्र मानून. शून्य दिसणं आणि शून्य असणं यात एवढं अंतर आहे.

नमुना किती? तुमच्या ओळखीच्या एका संग्राहकाकडे एकाच शेडमध्ये दहा गाड्या आहेत. पाचांत तंबाखू, पाचांत साधी पानं. नमुना दहाचा झाला? नाही. सगळ्या गाड्यांवर तेच तीन-चार उंदीर हिंडतायत, आणि एका गाडीतून हाकललेला उंदीर शेजारच्या गाडीत जातो. खरा नमुना एका शेडचाच. याला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. एकाच शाळेतल्या दोन वर्गांवर प्रयोग करून ‘नमुना १२० विद्यार्थी’ असं लिहिणाऱ्या प्रबंधात हाच दोष असतो. मार्गदर्शकाच्या आधी बाहेरचा परीक्षक तो पकडतो.

बरं, तुलनेसाठी कुणाची खरी गाडी उघडी ठेवायची का? अजिबात नको. लाकडी खोकी घ्या, आत जुन्या वायरीचे मोजून कापलेले तुकडे आणि थोडा काथ्या ठेवा. वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या शेडमध्ये, प्रत्येकी एक खऱ्या उपायाचं आणि एक नकली उपायाचं खोकं. कोणत्या बाजूला कोणतं, ते नाणं उडवून ठरवा. पंधरा दिवसांनी बाजू बदला. वायरीवरचे दातांचे ठसे मोजणाऱ्याला कोणतं खोकं कोणतं ते सांगू नका. आणि उंदीर पकडण्याचा किंवा मारण्याचा भाग अभ्यासात असेल, तर आपल्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे *आधी* जा, नंतर नाही.

एक गंभीर सूचना

बंद गाडी उघडल्यावर लेंड्या दिसल्या, तर झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. धूळ उडते आणि ती तुमच्या नाकात जाते. आधी दारं उघडून अर्धा तास वारा जाऊ द्या. रबरी हातमोजे, मास्क. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून तो भाग ओला करा, पाच मिनिटं थांबा, मग कागदानं टिपून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोची साथ येते, आणि ते जंतू उंदराच्या मुतातूनच ओल्या जागी पसरतात. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. साफसफाईनंतर ताप आला, अंग दुखलं, तर डॉक्टरांना ‘उंदरांची जागा साफ केली होती’ हे आवर्जून सांगा.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातलं एक ‘आमच्याकडे चाललं’ शोधा. शिकवण्याची एखादी पद्धत असेल, एखादं खत असेल, एखादी सरकारी योजना असेल. एका कागदावर पाच ओळी लिहा: नेमका कोणावर परिणाम अपेक्षित आहे, कोणत्या कारणसाखळीनं, नकली उपाय कोणता ठेवाल, काय मोजाल आणि किती काळ, आणि तुमचा खरा नमुना किती. पाचही ओळी भरल्या, तर प्रस्तावाचा सांगाडा तयार आहे. एखादी ओळ रिकामी राहिली, तर आधी तिच्यावरच काम करा. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येणार.